माणशी अर्धा एकर

शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो माणसांचा दिवस या एका मापाभोवती फिरत होता. सकाळी मस्टरवर हजेरी लावायची, रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडायचे, मुकादमाने येऊन ढीग मोजायचा आणि त्या मापावर आठवड्याची मजुरी ठरायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या बायका, शेजारी फडक्याच्या सावलीत झोपवलेलं पोर, दुपारी वाटीभर सुकडी. घरी रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. अमेरिकेहून आलेल्या त्या ज्वारीची आठवण काढली की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात.

सलग तीन वर्षं पाऊस रुसला होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. या कामांनी माणसं जगवली, हे आधी मान्य करायला हवं. पुढे याच अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पण दुसरीही गोष्ट खरी आहे. खडीचे कित्येक ढीग रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. माणसाने उन्हात घाम गाळला, मजुरी घेतली, घरी गेला. आणि त्याच्या शेतातली ओल मात्र होती तेवढीच राहिली. पुढच्या दुष्काळात पुन्हा त्याच रस्त्यावर, पुन्हा तोच हातोडा.

पुण्याहून दुष्काळी कामं पाहायला आलेल्या एका कारखानदाराला नेमकं हेच खुपलं. विलासराव साळुंखे तेव्हा पस्तिशीत होते. शिक्षणाने इंजिनिअर. पुण्यात मोजमापाची अतिअचूक साधनं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. यंत्राचा भाग केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने चुकला तर पकडून देणारी ती साधनं. असा माणूस पुरंदर तालुक्यातल्या खडीच्या ढिगांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याला पडलेला प्रश्न साधा होता. इतक्या हातांनी इतके दिवस काम करून पाण्याचा एक थेंब वाढत नसेल, तर हे हात दुसऱ्या कामाला का लावू नयेत?

पुरंदर मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक असतो. एक किल्ला, दुसरी वारी. माउलींची पालखी पुण्यातून निघते, दिवे घाट चढते, सोपानदेवांच्या सासवडला मुक्काम करते आणि जेजुरी, वाल्ह्यावरून नीरेकडे उतरते. आषाढी वारीचा हा प्रवास. पुण्यात भिजलेला वारकरी घाट चढून वर आला की पुष्कळदा कोरड्या रानातून चालू लागतो. सह्याद्रीचे ढग पश्चिमेला रिकामे होतात आणि पूर्वेच्या या पठाराला उरलासुरला पाऊस मिळतो. तोही चार-सहा सरींत धो धो कोसळतो आणि उताराची माती घेऊन कऱ्हा नदीच्या वाटेने निघून जातो. जमिनीत वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. दक्षिणेच्या कडेने नीरेचा डावा कालवा ब्रिटिश काळापासून वाहतो आहे, पण तो खालच्या अंगाने. त्याचं पाणी बारामती, इंदापूरकडे जातं. पुरंदरच्या माळावरच्या शेतकऱ्याला कालवा दिसतो, मिळत नाही. म्हणून त्या काळी घराघरातला एक तरी माणूस मुंबईला असे, गिरणीत नाहीतर गोदीत. गावाकडे मनीऑर्डर आणि गणपतीची रजा.

साळुंखे यांनी आधी गावकऱ्यांशी बोलून पाहिलं. पाणी अडवू, मुरवू, मग उपसून शेताला देऊ, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या कारखानदारावर विश्वास ठेवण्याचं गावाला काही कारण नव्हतं. शहरातून येणारी माणसं सल्ला देऊन संध्याकाळच्या आत परततात, हा अनुभव. तेव्हा त्यांनी ठरवलं की आधी आपण करून दाखवू. पुरंदरमधल्या नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर माळजमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. (सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव ते हे नव्हे; ते साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातलं.) १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. पती-पत्नी, विलासराव आणि कल्पनाताई, मुक्कामाला नायगावात येऊन राहिले. पुण्यातलं घर-कारखाना सोडून माळावर राहायला येणं ही गोष्ट त्या काळी लोकांनी किती काळ तपासून पाहिली असेल, याची कल्पना करता येते. माणूस पावसाळ्यातही थांबतो का, उन्हाळ्यात विहीर आटली तरी थांबतो का. ते थांबले.

काम माथ्यापासून सुरू झालं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि सरकारी कामांत नेमका तोच हरवतो. खाली तलाव बांधायचा आणि वर उघडा माळ तसाच ठेवायचा, म्हणजे दोन पावसाळ्यांत तलाव गाळाने भरणार. नायगावात आधी डोंगरउतारावर समपातळी बांध घातले गेले. उताराला आडवे, एका पातळीत चालणारे मातीचे बांध. पावसाचं पाणी धावायच्या ऐवजी चालू लागलं, मग थबकलं, मग मुरलं. ओघळींना नालाबांध. सगळ्यात खाली पाझर तलाव. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर, कारण तलावात साठलेलं पाणी मुरमातून पाझरून तिथेच यायचं. विहिरीवर पंप आणि तिथून पाइपाने पाणी पुन्हा वर, जिथून ते एरवी पळून गेलं असतं त्याच शेताला. उन्हाने उडून जाणारं पाणी जमिनीच्या पोटात ठेवायचं आणि लागेल तेव्हा काढायचं.

यातलं काहीच आकाशातून पडलेलं नव्हतं. जोतीराव फुले यांचं घराणं याच तालुक्यातल्या खानवडीत काही काळ होतं. त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावं, असं सरकारला सुचवलं होतं. त्या सूचनेनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी त्यांच्याच मुलखात ती चाळीस एकरांवर पुरती अमलात आली. त्या चाळीस एकरांवर पीक उभं राहिलं. जिथे गुरांना चरायलाही पुरेसं गवत नसे, तिथे ज्वारी, गहू, भाजीपाला दिसू लागला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनी बांधावर येऊन ते पाहिलं.

मग शेतकरी विचारायला आले, आमच्याकडेही असंच करता येईल का? साळुंखे यांच्या कामाचं खरं मोठेपण मला यापुढच्या भागात वाटतं. बांध-बंधारे पुष्कळांनी घातले, आजही घालतात. पाणी अडल्यावर ते कोणाचं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायद्याने आणि रिवाजाने आधीच देऊन ठेवलेलं असतं. ज्याची जमीन, त्याची विहीर. ज्याची विहीर, त्याचं पाणी. एखाद्या गावाने श्रमदान करून, सरकारी पैसा आणून, डोंगरभर बांध घातले, भूजल वाढलं, तर ते वाढलेलं पाणी कोणाच्या विहिरीत उतरतं? ज्याची जमीन तलावाच्या खाली आहे त्याच्या. ज्याच्याकडे विहीर खोदायला पैसा आहे त्याच्या. माथ्यावर टोपलं वाहणारी भूमिहीन बाई त्या हिशेबात कुठेच नसते. तिच्या घामाने मुरलेलं पाणी दुसऱ्याच्या उसाला जातं, आणि तिला त्याच उसाच्या तोडीला मजुरी मिळते. ही गोष्ट महाराष्ट्राच्या कोणत्याही पाणलोटात जाऊन पडताळून पाहावी.

साळुंखे यांनी जमीन आणि पाणी यांची ही गाठ सोडवली. त्यांचा नियम चार शब्दांत मावतो : पाणी माणशी, जमिनीगणिक नव्हे. घरात जितकी माणसं, त्यातल्या प्रत्येकामागे अर्धा एकर भिजेल इतकं पाणी. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर. त्यापलीकडे कितीही जमीन असो, ती कोरडवाहूच राहणार.

हे कागदावर साधं वाटतं. गावाच्या पारावर ते काय होतं ते पाहायचं तर एक हिशेब मांडून बघावा. समजा, एकाकडे वीस एकर आहे आणि घरात तीन माणसं. त्याला पाणी दीड एकराला. त्याच्या बांधाला लागून दुसऱ्याकडे तीन एकर आहे आणि घरात पाच माणसं. त्याला पाणी अडीच एकराला. वीस एकरवाला तीन एकरवाल्यापेक्षा कमी पाणी घेऊन घरी जाणार आणि तेही राजीखुशीने, सही करून. गावातल्या मानपानाच्या उतरंडीला हा किती मोठा धक्का होता, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि तिसरं एक घर असतं, ज्याच्याकडे जमीनच नाही. त्यालाही वाटा. पाणी आहे पण रान नाही, अशा माणसाने रान आहे पण पाणी नाही अशाची जमीन वाट्याने करावी, हा त्यामागचा विचार. भूमिहीनाच्या हातात पहिल्यांदाच असं काहीतरी आलं, जे घेऊन त्याला जमीनवाल्यासमोर बरोबरीने बसता येईल.

बाकीचे नियम याच मुळातून फुटले. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली तर पाणी खरीददाराबरोबर जात नाही. ते गटाकडे परत येतं. त्यामुळे पाणी आलं की जमिनीचे भाव वाढवून बाहेरचा पैसेवाला ती घेणार, ही वाट बंद झाली. योजना गटाचीच असेल, एकट्यादुकट्याची नाही. वाटपासाठी माणूस गटानेच नेमायचा आणि त्याचा पगार गटानेच द्यायचा.

ऊस नाही. केळीसारखी बारमाही पिकंही नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात ही अट घालणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर उभं राहणं होतं. ऊस हे नुसतं पीक नव्हतं; साखर कारखाना, सोसायटी, बँक, निवडणूक, सगळं त्याच्याभोवती उभं होतं. उसाचं बिल एकरकमी येतं, त्यावर लेकीचं लग्न होतं, घराला स्लॅब पडतो. त्याची ओढ कोणाला नसणार? पण ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि उन्हाळाभर पाणी पितो. एका एकर उसाच्या पाण्यात कितीतरी एकर ज्वारी, हरभरा, भुईमूग निघतो. ज्या गावात वर्षाकाठी मोजून मापून पाणी येतं, तिथे एकाचा ऊस म्हणजे दुसऱ्याची कोरडी रब्बी. साळुंखे यांनी आकडेमोड लोकांसमोर मांडली आणि लोकांनी अट मान्य केली.

पैशाचं गणितही विचारपूर्वक बांधलेलं होतं. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा, ५० टक्के सरकारी अनुदान, आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्ज म्हणून द्यायचे. गरीब शेतकऱ्याकडून पाचवा हिस्सा का घ्यायचा, असं वरकरणी वाटेल. पण ज्या पंपात आपली बैलजोडी विकलेले पैसे आहेत, त्या पंपाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो. फुकट मिळालेली मोटार जळली की तालुक्याला अर्ज जातो. स्वतःची जळली की रात्रीच्या रात्री रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. स्वयंसेवी संस्थांनी लोकवर्गणीचा आग्रह धरावा ही गोष्ट आज प्रत्येक योजनेच्या पत्रकात असते. सत्तरच्या दशकात ती इतक्या स्पष्टपणे मांडणारे थोडे होते.

या व्यवस्थेला नाव पडलं पाणी पंचायत.

तिचं रोजचं रूप म्हणजे पाटकरी. खांद्यावर फावडं, पायात चिखल, हातात पाळीची यादी. आज कोणाची पाळी, किती तास, कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, कोणता बंद. रात्री वीज आली तर रात्री. पाणी देताना तो स्वतःच्या भावकीतल्याला दहा मिनिटं जास्त देतो का, यावर सगळ्या गावाचा डोळा. महाराष्ट्राला हा माणूस नवा नव्हता. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत शतकानुशतकं चालत आली आहे. तिथे रान फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, पाणी वाटायला पाटकरी आणि त्याच्यावर गावाचा अधिकार. फडात पाणी जमिनीप्रमाणे मिळे. पुरंदरच्या पाटकऱ्याच्या यादीत मात्र एकरांऐवजी माणसं मोजलेली होती.

ऐंशीच्या दशकात पुरंदरच्या गावागावांत अशा योजना उभ्या राहिल्या. कुठे पाझर तलावाखालच्या विहिरीवर, कुठे ओढ्यावर, कुठे नदीवर. प्रत्येकीमागे गावकऱ्यांच्या रात्र रात्र चाललेल्या बैठका. कोणाची विहीर धरायची, पाइप कोणाच्या बांधावरून न्यायचा, मुंबईत असलेल्या भावाचं माणूस म्हणून नाव धरायचं की नाही. हे सगळं तडीला न्यायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायला कोणीतरी गावात राहावं लागतं. स्वयंसेवी संस्थेचं काम नेमकं हे असतं. सिमेंट सरकारकडूनही येतं, पाइप बाजारातही मिळतो. पण दोन भावांना एका पारावर बसवून तिसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या आईचा अर्धा एकर मान्य करून घेणं, ते टेंडर काढून होत नाही.

नायगाव हे हळूहळू पाहायला जाण्याचं ठिकाण झालं. सैन्यातून परतून पारनेरच्या राळेगणसिद्धीत काम सुरू करणारे अण्णा हजारे साळुंखे यांच्याकडे आले, पाणलोटाचं तंत्र त्यांनी इथे पाहिलं आणि राळेगणच्या पाण्याच्या कामात साळुंखे यांचा हात लागला. पुढे राळेगणचं नाव देशभर झालं. नायगावचं तितकं झालं नाही. राळेगणच्या शिस्तीची, व्यसनमुक्तीची गोष्ट सांगायला सोपी होती. माणशी पाण्याची गोष्ट ऐकणाऱ्याला आपल्या सात-बाऱ्याची आठवण करून देते.

दक्षिणेला सांगली जिल्ह्यातही हाच विचार वेगळ्या अंगाने उगवला. खानापूर तालुक्यातली येरळा नदी वाळूने भरलेली. तिची वाळू ठेकेदार ट्रकने नेत आणि नदीकाठच्या विहिरी आटत जात. मुक्ती संघर्ष चळवळीत एकवटलेल्या शेतकऱ्यांनी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर ठरवलं की ठेकेदाराची लूट बंद करायची, त्यातली मर्यादित वाळू लोकांनीच विकायची आणि त्या पैशातून बंधारा बांधायचा. तांदूळवाडी आणि बलवडी या गावांनी तो बांधला. त्याचं नाव बळीराजा स्मृती धरण. परवानगीसाठी भांडावं लागलं, मोर्चे काढावे लागले, शहरातल्या लोकांनी आणि विद्यार्थ्यांनी मदत पाठवली, के. आर. दाते यांच्यासारखे ज्येष्ठ अभियंते आराखड्याला बसले. पाणी वाटताना नियम पुन्हा तेच : प्रत्येक कुटुंबाला वाटा, भूमिहीनांनाही, उसाला पाणी नाही. पुरंदरमध्ये संस्था आणि गाव यांनी मिळून जे केलं, ते येरळेकाठी गावांनी लढा करून मिळवलं. दोन्हीकडे बांधापेक्षा वाटपाचा ठराव जास्त मोलाचा होता.

पाणी पंचायतीच्या वाटेत काटे नव्हते असं म्हणणं त्या माणसांच्या कष्टांना कमी लेखणं होईल. पाणी उपसायला परवानगी हवी, वीजजोड हवा, अनुदानाचा हप्ता वेळेवर हवा, आणि यातला प्रत्येक कागद दुसऱ्या टेबलावर. एक हप्ता रखडला की पाइप अंगणात गंजत पडतो आणि गटातला संशयी माणूस मोठ्याने बोलू लागतो. उपसा म्हणजे विजेचं बिल, दर हंगामाला वाढणारं. शिवाय नियम गटापुरता होता, जमिनीच्या पोटापुरता नाही. गटाबाहेरच्या कोणी शेजारी खोल बोअर मारली, तर गटाच्या विहिरीचं पाणी त्याच्याकडे ओढलं जाई, आणि त्याला अडवणारा कायदा नव्हता. भूमिहीनांचा हक्क मान्य झाला तरी वापरला गेलाच असं नाही, कारण जमीन वाट्याने देताना कूळ लागेल ही भीती जमीनवाल्याच्या मनातून गेली नव्हती. पुढची पिढी आली, तिने आजोबांनी सही केलेला ठराव पाहिलेला नव्हता. काही योजना बंद पडल्या, काही चालत राहिल्या. तीस-चाळीस वर्षं एखादा गट आपल्याच नियमाने आपलं पाणी वाटत राहिला, हीच मुळात मोठी गोष्ट आहे.

दुसरी अडचण अधिक खोल होती. गाव बदलत होतं, पण राज्याचं पाण्याचं धोरण जमिनीलाच धरून होतं. साळुंखे यांनी आयुष्याचा उत्तरार्ध या भिंतीशी झुंजण्यात घातला. एका ओढ्याच्या पाण्याला जो न्याय लागू पडतो तो धरणाच्या पाण्यालाही लागू पडला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. राज्याच्या पैशाने बांधलेल्या धरणाचं पाणी फक्त लाभक्षेत्रात जमीन असलेल्यालाच का, खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाचं का नाही? धरणाच्या वर राहणाऱ्या, ज्याच्या डोंगरावरचा पाऊस त्या धरणात साठतो, त्याचा वाटा कुठे? २००२ मध्ये विलासराव गेले. प्रतिष्ठानचं काम कल्पनाताईंनी पुढे नेलं.

त्याच वर्षी ओडिशात एक कायदा झाला. नाव पाणी पंचायत कायदा. नाव तेच, पण सभासद कोण? कालव्याखाली जमीन असलेले शेतकरी. तिथल्या भूमिहीनांना आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनांना याविरुद्ध रस्त्यावर यावं लागलं. महाराष्ट्रातही २००५ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे आले. एकाने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवलं, दुसऱ्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केलं. लोकांच्या हातात कालवा देण्याचं धाडस या कायद्यांत आहे, आणि नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने पेरलेल्या बीजातून, सगळा प्रकल्प स्वतः चालवून ते सार्थ करून दाखवलं. पण पाण्याचा कोटा ठरला तो लाभक्षेत्रातल्या जमिनीवर. लोकसहभाग हा शब्द सरकारने उचलला, त्याच्यासोबतचा अर्धा एकर तसाच पुरंदरच्या माळावर राहून गेला.

पुरंदर आज ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. पुणे शहराचं वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून उचलून घाटमाथ्यावर चढवणारी पुरंदर उपसा सिंचन योजना आली. पालखीच्या वाटेवरचे ओढे-तलाव त्या पाण्याने भरू लागले. शेततळ्यांचे काळे कागद उन्हात चमकतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळाच्या पाट्या सासवडच्या बाजारातून मुंबईला जातात. ठिबकने पाणी वाचतं, पैसा येतो. लांबून आणलेल्या या पाण्यालाही वीज लागते, त्याचीही पट्टी भरावी लागते, आणि ते कोणाच्या तळ्यात किती जावं हे पुन्हा एकदा तळं खोदायला कोणाकडे रान आहे यावर ठरतं.

सांगलीच्या आटपाडीला मात्र जुना हिशेब पुन्हा मांडला गेला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथल्या पाणी परिषदेला जमत आली. बैलगाडीने, एसटीने, टेम्पोने. टेंभू योजनेचं पाणी माणदेशाच्या माळावर आणा, ही पहिली मागणी. दुसरी मागणी समन्यायी वाटपाची : पाणी आलं की ते प्रत्येक कुटुंबाला सारखं द्या, जमीन असो वा नसो, आणि ते बंद पाइपातून द्या म्हणजे वाटेत कोणी तोडणार नाही. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्यासारखे नेते या लढ्यात होते. आटपाडी तालुक्यात पाण्याचं असं वाटप करून पाहायचं सरकारने मान्य केलं, आणि नायगावच्या चाळीस एकरांवर ठरलेली मोजणी आता एका अख्ख्या तालुक्याच्या कागदावर आली. गावोगावच्या याद्यांत शेताच्या गट नंबराबरोबर कुटुंबाचंही नाव लिहायचं होतं.